आबा आणि कोरा चौकोन

आबांसमोर "आज लई ऊन हाय" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कुठं मोजलं?" आपण हसून म्हणावं, "मोजायचं काय त्यात, अंगाला कळतंय की." तर आबा चष्मा नाकावर खाली ओढून आपल्याकडे बघत राहायचे. "मग अंगाला कळलं असं म्हण. लई हाय असं म्हणू नको. दोन्ही येगळं हाय." एवढं ऐकून आपल्याला आणखी उकडायला लागायचं.

बारामतीत भिगवण रोडला मी ज्या ऑफिसात होते, तिथे आबा तपासणीला बसायचे. खाली ठिबकच्या नळ्यांचं दुकान आणि वर आम्ही. बारा कॉम्प्युटर, बारा खुर्च्या, त्यांतल्या दोन कायमच्या लंगड्या. लोकांची हाताने लिहिलेली कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवून द्यायची, हा आमचा धंदा. सोसायट्यांच्या सभासदांच्या याद्या, शाळांची जुनी रजिस्टरं, एकदा तर एका दवाखान्याचे वीस वर्षांचे केसपेपर. मी कोऱ्हाळे बुद्रुकहून एसटीने यायचे. ही नोकरी मी घरी भांडून मिळवली होती. "नोकरी हाय तोवर थांबू, नंतर थांबायचं न्हाय," असं वडिलांनी सांगितलं होतं, म्हणजे नोकरी सुटली की मांडवात उभं राहायचं. त्यामुळे मी काम भराभर करायचे. ऑफिसात माझ्याइतकी वेगाने टाइप करणारी दुसरी नव्हती आणि याचा मला माज होता, हे आत्ताच कबूल करते.

आबा मूळचे वरकुट्याचे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी. उभी नोकरी कालव्यावर पाणी मोजण्यात गेलेली. बायको गेल्यावर मुलाकडे बारामतीत राहायला आले आणि महिनाभरात घरातल्यांना वेड लागायची वेळ आली. आमचे मालक म्हणजे त्यांच्या मुलाचे वर्गमित्र. मुलानेच हात जोडून सांगितलं, "वडिलांना दिवसभर कुठंतरी गुंतव." मालकांनी त्यांना तपासणीला बसवलं. दर दहा कागदांतला एक उचलायचा, कॉम्प्युटरवरच्या नोंदीशी ताडून बघायचा आणि खाली 'तपासलं' म्हणून आपल्या नावाची अक्षरं टाकायची. आबांना स्वर्ग दोन बोटं उरला.

एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. 'तूरडाळ. भरली रविवारी सकाळी. भरणारी सूनबाई. दुकान मंडईतलं. निवडलेली हाय: ऐकीव.' मी ती शेवटची ओळ दोनदा वाचली. सूनबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "डाळ निवडताना हे घरात नव्हते, म्हणून ऐकीव. आमच्यात डाळीलासुद्धा साक्षीदार लागतो, ताई." त्या वैतागलेल्या होत्या; पण मीठ आणि साखर त्या घरात कधी उलटसुलट पडली नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

जगातल्या सगळ्या बोलण्याचे आबांनी तीन ढीग केले होते: बघितलेलं, ऐकीव आणि अंदाज. कोणी काही सांगायला लागलं की ते मध्येच विचारायचे, "बघितलंस का ऐकलंस?" एकदा इंदापूरकडचं एक स्थळ माझ्यासाठी आलं. मुलगा आबांच्या माहितीतला निघाला, म्हणून वडील खास आबांना भेटायला ऑफिसात आले. "आबा, पोरगा कसा हाय?" आबांनी खूप वेळ विचार केला. "दोनदा बघितलाय. दोन्ही येळंला बसलेला हुता. उभा कसा हाय, ते मला सांगता यायचं न्हाय." वडिलांच्या मनात त्यावरून काय काय आलं देव जाणे, पण ते स्थळ तिथेच बारगळलं. मी त्या दिवशी आबांना स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

त्यांच्याकडे एक मेमो होता, लॅमिनेट करून ठेवलेला. लोक सत्काराचे फोटो जपतात, आबांनी ताकीद जपली होती. त्याची हकिगत ते कोणालाही सांगायचे, विचारावं लागायचं नाही. कालव्यावर मोजपट्टी असायची, सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन पाणी कुठपर्यंत आहे ते वहीत लिहायचं. एका संध्याकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. आबा तिला घेऊन इंदापूरला दवाखान्यात गेले. रात्र तिथेच गेली, मुलगी झाली. ती मुलगी आता वालचंदनगरला क्वार्टरमध्ये असते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी वही उघडली आणि आदल्या संध्याकाळच्या रकान्यात लिहिलं, 'बघितलं न्हाय.'

साहेब भडकले. "अहो, सकाळी होतं तेवढंच लिहायचं. कोण बघायला जातंय?"

"मीच जातो की साहेब. मी नव्हतो, मग कोण बघणार?"

ताकीद मिळाली आणि बदली कालव्याच्या शेपटाला झाली, जिथे पाणी कधीतरी यायचं. आबा म्हणायचे, "तितं मजा हुती. पाणी न्हाय असं लिवायला रोज चार मैल जायचो. गेलो, बघितलं, शून्य लिवलं. लई शून्यं लिवली म्या. पण एक बी घरी बसून न्हाय लिवलं." आम्ही पोरं-पोरी हे ऐकताना तोंडावर रुमाल धरायचो. मला तर वाटायचं, चार मैल जाऊन शून्य लिहिणाऱ्या माणसाला ताकीद काय, दवा द्यायला पाहिजे.

मग ते समुद्राचं काम आलं.

शहराचा जसा विकास आराखडा असतो, इथे घरं, इथे कारखाने, इथे बाग, तसा आता समुद्राचाही करतात. कुठे मासेमारी चालते, कुठून जहाजं जातात, कुठे मासे अंडी घालतात म्हणून हात लावायचा नाही, कुठे पवनचक्क्या उभ्या करता येतील, हे सगळं आधी नकाशावर ठरवायचं. त्यासाठी किनाऱ्यालगतच्या पाण्याचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनाला तिथलाच एक मच्छीमार नोंदी ठेवायला नेमला होता. पाण्याचं तापमान, खोली, किती होड्या दिसल्या, जाळ्यात काय आलं. रोजची एक ओळ, महिन्याचा एक कागद. हे हजारो कागद कॉम्प्युटरवर चढवायचं काम फिरत फिरत बारामतीला, ठिबकच्या दुकानाच्या वर येऊन पडलं. आमच्या बारा जणांतल्या दोघांनी कॉलेजच्या सहलीत समुद्र बघितला होता. आबांनी तर तोही नाही.

खोकी उघडली तेव्हा सुक्या मासळीचा वास सुटला. पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या. आबांनी मात्र एक कागद नाकाशी धरला आणि खुशीत म्हणाले, "माल खरा हाय. ह्यो कागद पाण्यावर जाऊन आलाय." खोली 'वाव' मध्ये लिहिलेली असायची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, हे कळल्यावर आबा ऑफिसच्या मधोमध हात पसरून उभे राहिले आणि मालकांच्या टेबलापासून दारापर्यंत किती वाव भरतात ते मोजून आले.

दोन महिने झकास चाललं. मग आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते तीन आठवडे आले नाहीत. नेमके त्याच तीन आठवड्यांत माझ्याकडे एक गठ्ठा आला. चार महिन्यांचे कागद, वर चौकोनाचा नंबर आणि नोंद ठेवणाऱ्याचं नाव, फोन नंबर, खाली सगळ्या ओळी कोऱ्या. तापमानाचा रकाना मोकळा सोडला तर प्रोग्राम काही म्हणायचा नाही. पण होड्या आणि मासळी हे रकाने भरल्याशिवाय पुढचा महिना उघडतच नव्हता. लाल चौकट यायची. मालक डोक्यावर उभे, "उद्या पाठवायचंय." मी काय केलं, दोन्ही रकान्यांत शून्य टाकलं आणि माउसने खालपर्यंत ओढलं. चार महिने चार मिनिटांत झाले. मालक म्हणाले, "तपासलं मध्ये आबांची अक्षरं टाक." तीही मीच टाकली. मग इतरांकडेही असे थोडे कोरे कागद होते, त्यांना मी ही युक्ती शिकवली आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

आबा परत आले, काळा चष्मा लावून. त्या शून्यांबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नाही. पुढे सहा-सात महिन्यांनी किनाऱ्यावरच्या त्या कार्यालयाने आराखड्याच्या मसुद्याचा मोठा नकाशा आम्हाला पाठवला, कामाबद्दल आभार म्हणून. मालकांनी तो भिंतीवर लावला, भेळ मागवली. निळे, हिरवे, पिवळे चौकोन. आम्ही भेळ खात होतो आणि आबा नकाशाला नाक लावून उभे होते.

"ह्यो एक पांढरा का?"

मालकांनी खालची सूची वाचून दाखवली. पांढरा म्हणजे मासेमारी नाही. आणि त्यावर तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं, पवनचक्क्यांसाठी प्रस्तावित, होड्यांना बंदी. हरकती घ्यायला आठ दिवस उरले होते.

"समद्या बाजूनं होड्या आणि मधीच एकात न्हाय?" आबा म्हणाले. "उसाच्या फडात मधीच येवढा चौकोन मोकळा दिसला, तर मी इचारीन बाबा, हितं काय झालं." त्यांनी भेळ ठेवून दिली आणि खोकी काढायला लागले. मी भेळेतले शेंगदाणे वेचायला लागले. अर्ध्या तासात त्यांना तो गठ्ठा सापडला. ते एकेक कोरा कागद उलटत होते, वेळ लावून, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं. मग त्यांनी वरचा नंबर फिरवला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

पलीकडचा माणूस होडीचा तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. आबांनी विचारलं, त्या चार महिन्यांत तुमी लिवलं का न्हाय?

"पाय मोडला होता ना," तांडेल म्हणाला. "होडी वर ओढताना. चार महिने खाटेवर. कोरे कागद पाठवले मी, आजारी आहे म्हणून तोंडी सांगितलंही होतं."

"आणि तितं कोण जात हुतं का?"

"कोण म्हणजे? सगळा गाव जातो. पावसाळा उघडला की आमची सगळी कोळंबी तिथलीच. का हो, काय झालं?"

काय झालं ते आबांनी सरळ सांगितलं. मग तांडेल म्हणाला, "म्हणजे मी पडून होतो, तर समुद्रच नाही धरला तुम्ही?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

फोन ठेवून आबांनी कॉम्प्युटरवर ती पानं उघडायला सांगितली. खाली त्यांची स्वतःची अक्षरं. त्यांनी काळा चष्मा काढला, लाल डोळ्यांनी जवळून बघितलं. "मी तवा दवाखान्यात हुतो. हे कुणी टाकलं?"

मालक पंख्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी. शून्यंही माझी आणि अक्षरंही मीच टाकली." मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडला नाही. हातातले कागद टेबलावर ठोकून सारखे केले, पुन्हा केले, तिसऱ्यांदा केले. इतकी शरम मला आयुष्यात वाटलेली नाही. उभ्या जन्मात ज्याने न बघता आकडा लिहिला नाही, त्याच्या नावावर मी चार मिनिटांत चार महिने लिहिले होते.

"आबा, आता कळवलं तर काम जाईल आपलं," मालक हळू आवाजात म्हणाले. "बारा जणं बसत्यात हितं. आठ दिवसांत त्यांचं ते हरकत घेतीलच की."

"त्येंनी हरकत घ्यायची आणि समोर कागद आपला. कागदावर शून्य. कुणाचं खरं धरत्यात सायेब लोक, म्हायती हाय मला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चिठ्ठी तू लिव्ह."

"मी? आबा, तुम्ही लिहा ना. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"मी लिवली तर ती ऐकीव हुईल. तू केलंयस, तुला म्हायती हाय."

मी लिहायला बसले. नोकरी गेली तर घरी काय होईल ते डोळ्यांपुढे दिसत होतं, हळदीच्या ताटापर्यंत सगळं. लिहिलं, या चौकोनाचे या चार महिन्यांचे कागद कोरे होते, शून्यं मी भरली, कोणीही तपासली नाहीत, नोंद ठेवणारा आजारी होता. शेवटी लिहिलं, 'ते शून्य माझं आहे, समुद्राचं नाही.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. आबांनी तेवढंच खोडलं. "ह्येचा काय पोवाडा करायचाय का? कोरं हुतं ते कोरं म्हण, बास." आणि कोऱ्या कागदांचे फोटो जोडून मालकांनी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने पाठवली, हेही सांगितलं पाहिजे. पाठवल्यावर ते म्हणाले, "गेलं," आणि उरलेली भेळ खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या त्या कार्यालयातल्या बाई फोनवर मालकांना खूप बोलल्या. मग त्यांनी विचारलं, असे आणखी किती? दीड महिना आम्ही सगळे गठ्ठे पुन्हा काढून बसलो. दर दहातला एक वगैरे काही नाही, एकूण एक. आणखी अकरा जागा निघाल्या. पुढचं मोठं काम मात्र दुसरीकडे गेलं आणि आमच्यातल्या चौघांना घरी बसावं लागलं. त्यांत माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण होती. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही आणि मी तिला काही म्हणू शकत नाही. मला ठेवलं. का ठेवलं ते मालकांनी सांगितलं नाही. आबाही माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, माझे कागद तपासून नुसते सरकवायचे. आठव्या दिवशी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली आणि म्हणाले, "कोणी केलीय ते बघितलं न्हाय, पण खा."

नकाशावरचा तो चौकोन पांढऱ्याचा राखाडी झाला. 'माहिती नाही.' पवनचक्क्यांचा निर्णय एक हंगामभर पुढे ढकलला. त्या हंगामात नोंदी घ्यायच्या आणि त्या बघून काय ते ठरवायचं. तांडेलाचा पाय बरा झाला होता. कागद पोस्टाने येईपर्यंत वेळ जाईल, म्हणून त्याने रोज दुपारी फोनवर आकडे सांगायचे आणि मी ते चढवायचे, असं ठरलं.

पावसाळा उघडला. पहिल्या दिवशी सकाळपासून माझं कामात लक्ष नव्हतं. आबा टोपी काढून मांडीवर घेऊन माझ्या टेबलाशेजारी बसून होते. दुपारी फोन वाजला, मी तो मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला. मागे वारा आणि माणसांचे आवाज येत होते.

"पाणी अठ्ठावीस," तांडेल म्हणाला. "खोली बारा वाव. होड्या सात."

सात! मी टाइप करता करता हसले. "आणि मासळी?"

"काही नाही आलं. दोनदा जाळं टाकलं. दोन्ही वेळा रिकामं."

माझा हात थांबला. पहिलाच दिवस, तिकडच्या बाई संध्याकाळी पहिली ओळ उघडून बघणार आणि त्या चौकोनात पुन्हा शून्य. या माणसाचं मी आधीच एकदा वाटोळं करत आणलं होतं. मी आबांकडे न बघता म्हणाले, "तांडेल, आजचं राहू दे. आजची ओळ कोरी ठेवते. उद्या मिळेल तुम्हाला, उद्यापासून लिहू."

"कोरी का ठेवता?" तांडेल म्हणाला. "मी गेलो होतो ना. पहाटे चारला निघालो, आत्ता आलोय. माझ्या दोन्ही पोरांनी जाळं ओढलंय. शून्य लिहा, ताई. ते माझं आहे."

मी शून्य टाइप केलं. मान वर केली तेव्हा आबा खुर्चीतून उठून उभे होते, टेबलावरच्या त्या फोनसमोर, दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर नीट बसवत.